मुशीत गाळलं तरी सुटत नाही

मुंबईत सीमाशुल्काच्या प्रकरणांत वकिली करून मी मेढ्याला परतलो. तरीही विटा, आटपाडी, खटाव, माणकडची गलाईवाली माणसं कागद घेऊन येतात. देशभरच्या सराफ पेठांतून सोनं-चांदी गाळणारी ही कष्टाळू जमात. त्यांना जे सांगतो, ते असं.

१. पुरावा तुम्ही द्यायचा. जप्तीसाठी अधिकाऱ्याला सबळ कारण लागतं, नुसता संशय पुरत नाही. पण ते कारण असलं की १९६२च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १२३ सोन्याच्या बाबतीत ओझं उलटं टाकतं. सोनं तस्करीचं नाही हे ज्याच्याकडे सापडलं त्याने दाखवायचं, आणि मालकी सांगणाऱ्यानेही. धाड पडल्यावर जुळवलेलं बिल चौकशीत टिकत नाही.

२. गलाईवाल्याने कलम १२० पाठच करावं. तस्करीच्या लगडीचा गोळा केला, तार ओढली, तरी ती जप्त होतेच. चार गिऱ्हाइकांचं सोनं तिच्यासोबत एकाच मुशीत ओतलं आणि वेगळं करता आलं नाही, तर अख्खा गोळा सरकारजमा होऊ शकतो. मालकाने आपल्याला काही ठाऊक नव्हतं, संशयालाही जागा नव्हती हे सिद्ध केलं, तर तस्करीच्या मालाच्या किमतीएवढाच भाग जातो. म्हणून गाळायला आलेल्या प्रत्येक डागाची नोंद वहीत हवी: कोणाचा, वजन किती, कस किती. ही वही मी सगळ्यांत आधी मागतो.

३. पंचनाम्यावर सही करण्याआधी काट्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा स्वतः ताडून पाहा. लाखेचं सील आपल्यासमोर लागू द्या. प्रत मागून घ्या.

४. कलम १०८ खालचा जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो. दमदाटी झाली असेल तर लगेच लेखी कळवा. महिन्यांनी केलेल्या तक्रारीला वजन नसतं.

५. तारीख लिहून ठेवा. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस आली नाही आणि मुदत रीतसर वाढवलेली नसेल, तर माल परत मागता येतो. कारवाई मात्र त्याने संपत नाही. सोडवणुकीचा दंड भरून सोनं मिळवायची वाट कलम १२५ मध्ये आहे. आयातीला बंदी असलेल्या मालाच्या बाबतीत ती देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं.

६. दुसऱ्याचं सोनं अंगावर वाहू नका. ऑगस्ट २०२० मध्ये दिब्रुगढहून आलेल्या राजधानीतून नवी दिल्लीला उतरलेल्या आठ जणांकडे ५०४ लगडी, ८३ किलोंहून जास्त सोनं सापडलं. खास शिवलेल्या बंड्यांत ते दडवलेलं होतं. तपास सांगली जिल्ह्यात आला, दहशतवादविरोधी कायदाही लावला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केवळ सोन्याची तस्करी म्हणजे दहशतवाद नव्हे असं म्हणून जामीन दिला. तोवर पोरं तुरुंगात होती. माल कोणाचा होता हे विचारायला त्यांच्या घरी कोणी शेठ गेला नसणार, हे मी इतर प्रकरणांवरून सांगतो.