'होता' या एका शब्दाची इंग्रजीतील चार कामे

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीस आरंभ होतो. त्यामुळे 'धिस इज अ बुक' हे वाक्य मुलास लवकर साधते. परंतु पूर्वीची स्थिती सांगण्याची वेळ आली म्हणजे तेच मूल अडखळते. याचे कारण मुलाच्या बुद्धीत नसून दोन भाषांच्या घडणीत आहे, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली जिल्ह्यातील अनेक गावांना वेढा दिला. त्या दिवसांविषयी घरातील माणसे सहज बोलून जातील अशी तीन वाक्ये घ्यावीत : 'घरात पाणी होते. आम्ही घाबरलो होतो. आमच्याजवळ धान्य नव्हते.' मराठीत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. मूल शब्दास शब्द ठेवू लागले की 'नियर अस ग्रेन वॉज नॉट' असे काहीतरी तयार होते, आणि ऐकणाऱ्या परक्या माणसास त्या घरावरील संकटाची कल्पनाच येत नाही. इंग्रजीत हीच वाक्ये अशी होतात : 'देअर वॉज वॉटर इन द हाउस. वी वेअर अफ्रेड. वी हॅड नो ग्रेन.'

यावरून 'होता'ची कामे इंग्रजीत कशी वाटली गेली आहेत ते दिसेल.

१. कोण किंवा काय कसे होते : 'वॉज' अथवा 'वेअर'.
२. कोठे काय होते : 'देअर वॉज' अथवा 'देअर वेअर'.
३. कोणाजवळ काय होते : 'हॅड'. 'मला ताप होता' हेही येथेच बसते : 'आय हॅड अ फीवर'. मात्र 'मला भूक लागली होती' हे पहिल्या प्रकारात जाते : 'आय वॉज हंग्री'.
४. पूर्वी असायचे, आता नाही : 'यूस्ट टू'. मराठीतील 'असायचा, असायची' हे रूप याच्या अगदी जवळचे आहे.

चौथ्या प्रकाराचा उच्चार करताना 'यूज्ड' असा ठसका देऊ नये. बोलताना दोन्ही शब्द जोडून 'यूस्टू' असेच ऐकू येते. तसेच ठराविक वर्षांचा आकडा सांगावयाचा असेल तेथे हा प्रयोग करू नये. 'आम्ही तीन वर्षे कऱ्हाडला राहत होतो' याचे 'वी लिव्ड इन कऱ्हाड फॉर थ्री इयर्स' एवढेच पुरे.

मराठी मुलांच्या तीन चुका विशेष आढळतात. 'आजोबा शिक्षक होते' यातील आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेऊन मूल 'ग्रँडफादर वेअर' म्हणते. इंग्रजी क्रियापदास असा आदर ठाऊक नाही. तेथे 'वॉज' हवे. उलट 'तू होतास' याचे 'यू वॉज' होते. तेथे 'यू वेअर' हवे. तिसरी चूक 'मी कऱ्हाडला गेलो होतो' अशा वाक्यांत होते. येथे 'होतो' असला तरी सांगितली आहे ती क्रिया, स्थिती नव्हे. म्हणून 'आय वॉज गो' न म्हणता 'आय वेंट' म्हणावे. 'कसे होते' की 'काय केले', हा प्रश्न मुलास विचारला की भेद त्याचा त्यालाच उमगतो.

पाठ घेताना फळ्यावर 'पूर्वी' व 'आता' असे दोन रकाने आखावेत. उदाहरणे परिसरातील असावीत. सांगली जिल्ह्यास १९६० पर्यंत दक्षिण सातारा असे नाव होते : 'द नेम वॉज साउथ सातारा. नाउ द नेम इज सांगली.' साताऱ्याकडील शिक्षकांनी कोयनेचे उदाहरण घ्यावे. धरण झाल्यावर शिवसागर जलाशयाखाली गावे गेली : 'देअर यूस्ट टू बी व्हिलेजेस हिअर. नाउ देअर इज अ लेक.' प्रथम शिक्षकांनी वाक्य दोनदा म्हणावे, मग गटाने, शेवटी एकेकट्याने म्हणावे. लेखन दुसऱ्या दिवशी करून घ्यावे.

घरी देण्याचा अभ्यासही तोंडीच असावा. मुलांनी आजी-आजोबांना मराठीतून तीन प्रश्न विचारावेत : आपले घर कसे होते? गावात तेव्हा काय काय होते? तुमच्याजवळ लहानपणी काय होते? दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्यांतील तीन गोष्टी इंग्रजीतून सांगाव्यात. मूल बोलत असता मध्येच थांबवून चूक काढू नये. वाक्य पुरे झाल्यावर शिक्षकांनी तेच शुद्ध रूपात म्हणावे, म्हणजे मुलाचा धीर खचत नाही. ज्या घरी पुराचे वा विस्थापनाचे दुःख अजून ताजे असेल, तेथील मुलास तो विषय घेण्याची सक्ती करू नये.

'वॉज' व 'हॅड' यांचा भेद व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीचा असेल. परंतु ज्या मुलास तो बोलण्यात साधला, त्यास आपल्या घरावर काय प्रसंग आला होता हे उद्या परगावीही स्वतःच्या तोंडाने सांगता येईल. या पाठाचा खरा उद्देश तोच होय.