ऑनलाइन पोकरमधली सलग हार

ऑनलाइन पोकरमध्ये सलग हार येणे अटळ असते. कच्च्या खेळाडूला ती येतेच, पण पक्क्यालाही येते. टेक्सस होल्डेम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पाने असतात, मधोमध पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात आणि दर टप्प्याला चाल करायची असते. केव्हा चाल वाढवायची आणि केव्हा पाने टाकून द्यायची, हे ठरवण्यात कौशल्य आहे. एका डावाचा निकाल मात्र पुढे कोणते पान उघडते यावर ठरतो. हातात एक्क्यांची जोडी आणि समोरच्याकडे राजांची, अशी जवळपास सर्वोत्तम स्थिती धरली, तरी शंभरातले सुमारे 18 डाव राजे जिंकतात. एक्के असूनही लागोपाठ दोनदा हरण्याचा प्रसंग अशा साधारण तीस जोड्यांमागे एकदा येतो. रोज खेळणाऱ्याला तो भेटतोच, आणि भेटला की आपल्यावरच अन्याय झाला असे वाटू लागते.

सलग हार किती लांबू शकते, याचा हिशेब मांडता येतो. पोकरमध्ये नफा-तोटा ब्लाइंडमध्ये मोजतात. ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होण्याआधी लावावी लागणारी ठरलेली रक्कम. शंभर डावांमागे सरासरी 5 ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजतात. पण त्याच शंभर डावांत रकमेची वर-खाली हालचाल सहज 90 ब्लाइंडच्या घरात असते. डाव शंभरपट वाढून 10,000 झाले की अपेक्षित कमाई शंभरपट होते, म्हणजे 500 ब्लाइंड. चढउतार दहापटच वाढतो, म्हणजे 900. या आकड्यांवरून गणित केले, तर हा चांगला खेळाडू 10,000 डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता जवळपास 29 टक्के निघते. डाव एक लाख झाले तेव्हा कुठे ती 4 टक्क्यांवर येते.

याच गणिताची दुसरी बाजू जास्त घातक आहे. शंभर डावांमागे सरासरी 2 ब्लाइंड गमावणारा, म्हणजे दीर्घकाळात नक्की हरणारा खेळाडू घेतला, तर 10,000 डावांनंतर तो नफ्यात असण्याची शक्यता 41 टक्के असते. दहातले चार हरणारे खेळाडू एवढ्या डावांनंतरही स्वतःला जिंकणारे समजत असतात. पुढे हार सुरू झाली की त्यांना ती तात्पुरती वाटते, आणि जिंकण्याचे दिवस हाच आपला खरा खेळ होता असा समज पक्का होतो. खरे उलट असते. त्यात खेळ चालवणारी कंपनी दर डावातून आपला वाटा कापते. हा वाटा, म्हणजे रेक, बहुधा 4-5 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि समान ताकदीचे सहा जण वर्षभर एकमेकांशी खेळले तर सहाही जणांच्या खिशातून पैसा कमी होतो. हार वाईट नशिबाची की कच्च्या खेळाची, याचे उत्तर त्यामुळे आठवणीतून मिळत नाही. प्रत्येक बैठकीची लेखी नोंद आणि मोठ्या डावांची थंड डोक्याने, शक्यतो दुसऱ्याकडून करून घेतलेली तपासणी, एवढ्यावरच ते ठरते. ज्याच्याकडे अशी वही नाही, त्याने आपण हरणारे खेळाडू आहोत असेच धरून चालावे.

मोबाइलने या चढउताराला वेग दिला. समोरासमोरच्या टेबलावर तासाला 25 ते 30 डाव होतात. फोनवर एका टेबलावर 60-70 होतात आणि बरेच जण तीन-चार टेबले एकाच वेळी उघडतात. प्रत्यक्ष टेबलावर 10,000 डावांना तीनशेहून अधिक तास लागतील. स्क्रीनवर चार टेबले उघडली तर तेवढेच डाव 36-42 तासांत, म्हणजे आठवड्याच्या जागरणात उरकतात. वर्षभरात सोसायची हार एका आठवड्यात अंगावर येते, आणि ती पेलण्याएवढी उसंत मनाला मिळत नाही.

शेतीवर चालणाऱ्या गावात ही हार आणखी खोल लागते. उदाहरणार्थ रोहणा, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले, पुलगाव-आर्वी मार्गावरचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर इथला संसार चालतो. घरात मोठी रक्कम वर्षातून मोजक्या वेळी येते आणि ती आधीच वाटलेली असते: कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, एखादे लग्न. पगारदाराचा हरलेला पैसा पुढच्या महिन्यात निदान अंशतः भरून निघतो. कापसाचा पैसा हरला, तर पुढच्या वेचणीपर्यंत भरून काढायला काही नसते, आणि मधे पेरणी उभी असते. विदर्भात पोळ्याच्या सुमारास पत्त्यांचा जुगार पूर्वापार चालत आला आहे. त्यानेही घरे बुडवली. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तिथे हरणारा चारचौघांना दिसत असे. कोणी तरी मोठा भाऊ किंवा काका त्याला उठवून घरी घेऊन जाई, आणि सण सरला की फड मोडत असे. फोनवरचा फड रात्री दोन वाजता अंथरुणात चालतो. शेजारी झोपलेल्या बायकोलाही तो दिसत नाही, आणि त्याला अमावास्या-पौर्णिमा नसते.

हार लांबली की मन ठराविक वळणे घेते. पहिले वळण म्हणजे आता तरी पान लागेलच असे वाटणे. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. दहा वेळा हरलेल्याची अकराव्या वेळची शक्यता तीच राहते. दुसरे वळण दुप्पट लावण्याचे. शंभर रुपयांपासून प्रत्येक हारेनंतर दुप्पट करत गेले, तर आठ हारींनंतर 25,500 रुपये गेलेले असतात, नववी चाल 25,600 ची असते आणि ती जिंकली तरी हाती नफा शंभरच रुपयांचा. तिसरे वळण सगळ्यांत खोल आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, गमावण्याचे दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा बरेच मोठे असते, आणि तोट्यात असलेला माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. मुद्दल निघाले की थांबीन, हे वाक्य याच अवस्थेतले. पोकर खेळणारे या अवस्थेला टिल्ट म्हणतात: वाईट पानांवरही चाल करणे, टाकून द्यायची पाने धरून ठेवणे, हरवणाऱ्याचाच पाठलाग करणे, मोठ्या रकमेच्या टेबलावर उडी मारणे. टिल्टमधल्या माणसाला आपण टिल्टमध्ये आहोत हे कळत नाही. म्हणून हारेच्या मध्यावर केलेला कोणताही निश्चय उपयोगी पडत नाही. नियम खेळायला बसण्याआधीचे असावे लागतात.

या परिसराला हे नवे नाही. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानातली दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरचे, अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. तिचा पती राजा नळ भावाशी, पुष्कराशी, फासे खेळत कित्येक महिने हरत राहिला. मंत्री आणि नगरवासी दाराशी आले, दमयंतीने विनवले, पण त्याने उत्तरही दिले नाही. तेव्हा तिने वाद वाढवला नाही. सारथी वार्ष्णेयाला बोलावून दोन्ही मुलांना रथातून विदर्भात पोहोचते केले. पुढे राज्य गेले, पण मुले सुरक्षित राहिली. कथेचा शेवट, म्हणजे नळाने परत येऊन एका डावात सगळे जिंकले, तो खेळणाऱ्यांच्या लक्षात राहतो. मधला भाग राहत नाही: त्या डावाआधी नळ बराच काळ फाशांपासून दूर होता, आणि राजा ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे शास्त्र, शिकून आला होता. घरच्यांसाठी या कथेत धडा दमयंतीचा आहे. हरणाऱ्याशी रात्रभर वाद घालण्यापेक्षा घरखर्चाचे खाते वेगळे करावे, एटीएम कार्ड आणि यूपीआयचा पिन बदलावा, सातबारा आणि सोने त्याच्या हाताबाहेर ठेवावे.

जगभरचे जाणते खेळाडू हार पेलण्यासाठी जे नियम पाळतात ते सगळे रकमेचे आहेत. खेळाचा पैसा घरच्या पैशापासून पूर्ण वेगळा आणि पूर्ण गमावला तरी चूल पेटेल एवढाच. एका टेबलावर बसण्याची रक्कम, म्हणजे बाय-इन, त्या पैशाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाहून मोठी नाही. स्पर्धांमध्ये शंभराव्या भागाहून नाही, कारण तिथे बक्षीस बहुधा शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच मिळते. दिवसात दोन-तीन बाय-इन गेले की फोन बंद. पैसा निम्म्यावर आला की खालच्या टेबलावर उतरणे, कारण निम्मी रक्कम गेल्यावर उरलेली दुप्पट करावी तेव्हा कुठे बरोबरी होते. उसन्या पैशावर एकही डाव नाही. हा शेवटचा नियम मोडला की बाकीचे निरर्थक होतात: कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा हप्ता डोक्यावर असताना कोणीही शांतपणे पाने टाकून देऊ शकत नाही.

भारतात मात्र या नियमांखालची जमीनच आता सरकली आहे. पोकर कौशल्याचा खेळ की जुगार, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी पडली. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार ठरवले. ऑक्टोबर 2023 पासून जमा रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. नंतर संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला बळी मानले आहे. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांची टेबले बंद केली.

उरली ती परदेशातून किंवा चोरून चालणारी अ‍ॅप. वर्धा जिल्ह्यात दारूबंदीला पन्नास वर्षे झाली, त्यामुळे बंदीनंतर काय होते हे इथे कोणाला समजावून सांगायला नको: दुकान बंद होते, माल आडवाटेने येतो आणि त्यात काय मिसळले आहे हे कळत नाही. अशा अ‍ॅपवर पत्ते खरोखर पिसले जातात का, समोरचे पाच जण माणसे आहेत की संगणकाचे बॉट, की एकाच खोलीत बसलेली टोळी, हे तपासणारे कोणी नाही. वर मांडलेले सगळे गणित प्रामाणिक पत्त्यांसाठी आहे. इथे ते लागू होत नाही. इथली सलग हार नशिबाची नसून ठरवून दिलेली असू शकते, आणि सुरुवातीची जीतसुद्धा. जुलै 2023 मध्ये नागपुरात उघड झालेले प्रकरण पोकरचे नव्हते, पण रीत हीच होती. तक्रारीनुसार, एका व्यापाऱ्याला अ‍ॅपवर आधी सुमारे 5 कोटी जिंकू दिले गेले आणि नंतर त्याचे 58 कोटी गेले. पोलिसांनी संशयिताच्या गोंदियातल्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले.

म्हणून रोहण्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या, आज हारत असलेल्या खेळाडूसाठी सल्ला एकच उरतो: खेळ आजच थांबवावा आणि गेलेली रक्कम गेली असे वहीत लिहावे. अ‍ॅप काढून टाकण्याआधी व्यवहारांचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, कारण फसवणूक दिसली तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करताना ते लागतात. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. अ‍ॅपवाल्याने अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैसे भरायला सांगितले तर एक रुपयाही भरू नये. कर्जाची यादी करावी, त्यात सावकार आणि मित्रांकडची उसनवारीही लिहावी, आणि ती घरातल्या एका माणसाला दाखवावी. हे सगळ्यांत कठीण आहे. पण लपवलेले कर्जच माणसाला पुन्हा टेबलाकडे ओढते, आणि पुष्कळदा त्याहून भयंकर विचाराकडे.

थांबायचे ठरवूनही थांबता येत नसेल, झोप उडाली असेल, खोटे बोलून पैसे आणले जात असतील, तर तो स्वभावदोष नाही. जुगाराचे व्यसन हा निदान करता येणारा आजार आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच वर्गात घातले. त्यावर उपचार होतात, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही: सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी (मेघे) येथे मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडून मराठीत बोलता येते.