तळ्याजवळचा समुद्रकिनारा : जागा आणि उतारा कसा निवडावा?

दुकानाचे शटर चार दिवस बंद ठेवायचे म्हणजे चार दिवसांची कमाई सोडायची. म्हणून सहलीचा खर्चही मालाच्या खरेदीसारखाच पारखून करावा.

तळा गाव डोंगराच्या कुशीत आहे, समुद्रावर नाही. मात्र इंदापूर-तळा-आगरदांडा रस्त्याने खाडीच्या तोंडाशी जाता येते. तेथून एका बाजूला मुरुड आहे. दुसरीकडे जायचे तर वाहनांसह जंगलबोटीने दिघीला उतरून दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर गाठता येते. मुरुडला बाजार, मशिदी व जंजिरा किल्ला जवळ आहेत. दिवेआगरला लांबलचक वाळू आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. हरिहरेश्वरचा डोंगराकडील भाग खडकाळ आहे. मुले बरोबर असतील तर तिकडे जाऊ देऊ नये. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

किनारा निवडताना पहिला विचार पाण्याचा करावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिसायला शांत असलेला किनाराही ओहोटीत माणसाला आत ओढतो.

भरतीचा अंदाज चांदच्या तारखेवरून बांधता येतो. तारखेत १ मिळवा. बेरीज १५ पेक्षा जास्त झाली तर १५ वजा करा. आलेल्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. उदाहरणार्थ, चांदची ५ तारीख : ५ अधिक १ म्हणजे ६, त्याची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी व नंतर. यात तासभर फरक पडू शकतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारावेच. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते; त्या दिवसांत विशेष जपावे.

आता उताऱ्याचे पाहू. शनिवार-रविवारी व सुट्टीच्या हंगामात भाडे चढते. आपली साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असेल तर तोच दिवस धरावा. इसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात :

१. भाडे खोलीचे की माणशी? मुलांचे वेगळे का?
२. जेवण भाड्यात आहे का? मांस हलाल असते का?
३. पिण्याचे पाणी व रात्री वीज गेल्यास सोय काय?
४. बेत रद्द झाल्यास इसार किती परत मिळेल?

चारही उत्तरे लेखी घ्यावीत आणि इसाराची पावती जपून ठेवावी. तोंडी सौद्याचा पश्चात्ताप आपण धंद्यात अनेकदा केला आहे. सुट्टीत तरी तो टाळावा.