न हललेले गाव : घणसोली आणि भूसंपादनाची शब्दकळा

मराठी कादंबरीने विस्थापनाचा जो अनुभव समर्थपणे हाताळला, तो प्रामुख्याने धरणाचा आहे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (1991) हे त्याचे ठळक उदाहरण. पाणी चढते, गाव बुडते, माणसे उठून जातात. या अनुभवाला स्वतःचा आरंभ आणि अंत असतो, म्हणून तो कथनाला सोपा जातो. मुळशीच्या सत्याग्रहापासून (1921-24) आपली कल्पनाशक्ती याच आकृतिबंधाला सरावलेली आहे. परंतु नवी मुंबईतील घणसोलीसारख्या गावापुढे ती अडखळते. घणसोलीचे गावठाण जागेवरच राहिले आणि त्याच्या भोवतीचे शिवार तेवढे गेले. माणूस न हलता त्याची जमीन हलावी, या घटनेला 'विस्थापन' म्हणावे काय, हा प्रश्न शब्दार्थाचा आहे आणि वाङ्मयप्रकाराचाही.

घणसोलीच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस औद्योगिक विकास महामंडळाचा ठाणे-बेलापूर पट्टा. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी योजिल्या गेल्या. संपादन झाले ते 1894 च्या कायद्यान्वये. या कायद्याची भाषा क्षेत्रफळ मोजते. अखेरीस जो दस्तऐवज निघतो त्यास 'निवाडा' म्हणतात. वस्तुतः निवाडा दोन पक्षांमधील तंट्याचा व्हावयाचा. येथे तंटा निवाड्यानंतर सुरू झाला!

क्षेत्रफळात न मावणारे जे होते, ते समजण्यासाठी खाडीकाठच्या शेतीची परिभाषा पाहावी लागते. खारजमीन ही निसर्गदत्त नव्हे. भरतीचे पाणी बांधाने अडवावयाचे, ओहोटीच्या वेळी उघाडीतून आतले पाणी सोडावयाचे, बांधाला खांड पडली की सर्वांनी मिळून ती भरावयाची. अशा श्रमांतून ती पिकाऊ होते. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये 'शिलोत्री' नावाचा एक धारापद्धतीचा प्रकार नोंदलेला आहे. ज्याने खाडीतून जमीन सोडवली त्याचा तीवर कायम हक्क, आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे या किनाऱ्यावर मालकी ही संकल्पना खरेदीखताइतकीच बांधाशी निगडित होती. निवाड्यात गुंठे आले. बांध घालणाऱ्या पिढ्या आल्या नाहीत. मोबदल्यावरील रोषाचे मूळ केवळ दरात शोधणारे विवेचन म्हणूनच अपुरे वाटते.

संघर्षातून आलेल्या शब्दांत 'प्रकल्पग्रस्त' हा सर्वांत विलक्षण. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, ग्रहणग्रस्त या मालिकेत बसताच प्रकल्प हा कोणी केलेला न राहता ओढवलेला होतो. कर्ता व्याकरणातूनच नाहीसा होतो. पुढे याच शब्दाचा दाखला निघू लागला आणि आपत्तीचे विशेषण ही ओळख झाली. चळवळीने त्याच्या जोडीला 'भूमिपुत्र' हा शब्द वापरला. भूमी गेल्यावर पुत्रत्व अधिक ठासून सांगावे लागले, यातील विसंगती कारुण्यपूर्ण आहे, हास्यास्पद मुळीच नाही.

16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याच्या दबावातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. बोलीत टक्के गळाले आणि नुसते 'साडेबारा' हे नाम झाले. साडेबाराची फाईल, साडेबाराचा भूखंड. प्रत्यक्षात सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊच येतात, पण पावणेनऊ हा शब्द मात्र रूढ झाला नाही. भाषेने आश्वासन जपले, वजावट विसरली.

गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे वाढली. तेव्हा घरांवर घरे चढली. कार्यालयीन भाषेत ती 'अनधिकृत', गावाच्या भाषेत 'गरजेपोटी'. हा दुसरा शब्द कालांतराने शासननिर्णयांतही शिरला. लोकांच्या बाजूचा युक्तिवाद एका क्रियाविशेषणाच्या रूपाने शासकीय मराठीत स्थान मिळवतो, हे आपल्या प्रशासकीय भाषेच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये. (आपले 'भाषा आणि समाज'चे पेपर अद्याप नियतकालिकांतील मराठीपलीकडे फारसे जात नाहीत, हेही जाता जाता नोंदवतो.)

सेक्टरांच्या आराखड्यावर शेतांची जुनी नावे नाहीत. ती सापडलीच तर फेरफाराच्या नोंदीत, वृद्धांच्या बोलण्यात, आणि कदाचित आगरी लग्नांतून धवलारीण गाते त्या धवळ्यांत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने या पट्ट्यात क्षेत्रकार्य करावयाचे ठरवल्यास प्रथम एका कुटुंबाच्या सातबाऱ्याचे जुने उतारे मिळवावेत, आणि त्यांवरील प्रत्येक गटाला घरातील सर्वांत वयस्कर स्त्री कोणत्या नावाने ओळखते, ते विचारून शेजारी लिहावे.