उपचाराचा निर्णय आणि विचारण्याची जबाबदारी



अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एका प्रवासातील घटना आहे. एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल फर्ज झाले. तयम्मुम चालेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मृत्यूचा दोष सल्ला देणाऱ्यांवर ठेवला. ठाऊक नव्हते, तर विचारले का नाही, हा त्यांचा सवाल होता.

मदरशात ही हदीस आम्ही तयम्मुमच्या प्रकरणात शिकलो. तिचा धडा मला वरवट बकालमध्ये मिळाला. जुम्याच्या नमाजनंतर एका बापाने आपल्या थॅलेसेमियाग्रस्त मुलासाठी दुआ करण्यास सांगितले. मी दुआ केली, सब्र आणि तवक्कुलवर चार शब्द बोललो. त्याने मुलाची गोळी बंद केली होती, हे मला काही महिन्यांनी कळले. मी बंद करा म्हटले नव्हते. पण चालू आहे का, हेही विचारले नव्हते.

त्याचे म्हणणे साधे होते : रक्त चढवले की मूल खेळू लागते, मग गोळी कशाला? थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. हे जादा लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या देहात नाही. ते यकृतात, हृदयात, अंतःस्रावी ग्रंथींत साचत राहते. डेफेरासिरॉक्ससारखी गोळी तेच लोह बाहेर काढते. गोळी सोडल्यावर काही दिवस काहीच दुखत नाही, आणि फसगत इथेच होते. फेरिटिनची तपासणी मात्र खरे सांगते. गोळीचेही दुष्परिणाम असतात, म्हणून मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. त्रास वाटला तर मात्रा डॉक्टर बदलतील. ते काम आपले नव्हे, माझे तर मुळीच नव्हे.

तवक्कुलचे म्हणाल तर हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता ऐकून परत फिरले. त्याआधी त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशमधील वडीलधारे यांच्याशी वेगवेगळी मसलत केली. हे अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जाणे आहे, अशी त्यांची धारणा होती.

रक्ताविषयीही शंका येतात. गरजेपोटी रक्त देणे-घेणे जायज असल्याचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी आईच्या दुधाचा दाखला देऊन मांडले आहे. (पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, दात्याचा धर्म नव्हे.) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, प्रमाणपत्र काढण्यात लाज कसली?

सर्वांत अवघड निर्णय अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. लहान वयात, लोहाने यकृत बिघडण्याआधी ते केल्यास यश अधिक. तरीही जिवाचा धोका उरतोच. कोल इंडियाच्या साहाय्याने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र रुग्णाला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मज्जा जुळावी म्हणून आणखी एक अपत्य होऊ द्यावे, असे नातेवाईक सहज सुचवतात. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता पुन्हा चारात एक असते. आधीच्या मुलाला झाला म्हणून पुढची सुटत नाहीत. चुलत-मामे नात्यांत सोयरीक जुळवताना तर निकाहपूर्वी रक्ततपासणी करून घ्याच.

त्या बापासोबत मी अकोल्याला गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली. धाकट्या बहिणीचा तपासणी-अहवाल अजून यायचा आहे. परतीच्या एसटीत मुलाने विचारले, “मौलाना, मज्जा काढताना तिला दुखेल का?” मला ठाऊक नव्हते. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारायचे म्हणून त्याने तो प्रश्न वहीत लिहून ठेवला.