जुनी पोकलेन आणि 'कम्युनिकेशन एरर': कंट्रोलर बदलण्याआधी ही तपासणी करा



जुनं मशीन घेण्यावरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, डिस्प्लेवर कम्युनिकेशन एरर येतोय. मेकॅनिक म्हणतो कंट्रोलर गेला. बदलू का?"

माझं उत्तर: थांबा. आधी साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घ्या.

माझ्या बॅचमधल्या एका कॉन्ट्रॅक्टरने २० टनी जुनी पोकलेन घेतली. आठव्या दिवशी चालू कामात इंजिन आयडलवर आलं आणि डिस्प्ले कोरा पडला. मेकॅनिकच्या सांगण्यावरून दीड लाखाचा जुना कंट्रोलर आणून बसवला. एरर तसाच! शेवटी दोष सापडला केबिनच्या मागे. हार्नेस ब्रॅकेटवर घासून एक वायर आतून तुटली होती. दुरुस्ती तासाभराची. पण तोवर ११ दिवस मशीन उभं, हप्ता चालू, आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रॉनिक पार्ट दुकानदार परत घेईना.

आधी समजून घ्या: मशीनमध्ये कोण कोणाशी बोलतं?

इंजिनचा कंट्रोलर, हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर आणि डिस्प्ले हे सगळे दोन वायरच्या एकाच जोडीवर बोलतात. तिला कॅन लाइन म्हणतात. एक वायर कॅन हाय, दुसरी कॅन लो. बऱ्याच मशीनमध्ये हाय पिवळी आणि लो हिरवी असते, आणि दोन्ही एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. कम्युनिकेशनचा कोड बहुतेक वेळा तो कंट्रोलर नोंदवतो, ज्याला समोरच्याचा निरोप मिळाला नाही. म्हणजे तक्रार करणारा एक आणि गप्प बसलेला दुसराच! आपण मात्र तक्रार करणाऱ्यालाच बदलून टाकतो. म्हणून पहिला प्रश्न 'कोणता कोड आला' हा नाही, 'कोण बोलत नाही' हा आहे. एकच कंट्रोलर गप्प असेल तर त्याचा फ्यूज, सप्लाय, अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणारी फांदी बघा. सगळेच गप्प असतील तर मुख्य लाइन बघा.

पायरी १: बॅटरी आणि अर्थिंग

२४ व्होल्टच्या मशीनमध्ये चार्ज बॅटरी बंद स्थितीत साधारण २५ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना २७ ते २८.५. स्टार्टर मारताना व्होल्टेज १८ च्या खाली जात असेल, तर कंट्रोलर मध्येच बंद पडून खोटे कोड टाकू शकतात. बॅटरीचे टर्मिनल आणि चॅसीवरची अर्थिंगची पट्टी काढून घासा, घट्ट बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कितीतरी वेळा रोग इथेच निघतो.

पायरी २: ओहम मोजा

किल्ली बंद. बॅटरी कट-ऑफ बंद. पाच मिनिटं थांबा. मग डायग्नोस्टिक कनेक्टरवर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये मीटर लावा. नऊ पिनांच्या गोल कनेक्टरमध्ये बहुधा 'सी' पिन हाय आणि 'डी' पिन लो असते. पण काही कंपन्यांनी पिना वेगळ्या ठेवल्या आहेत आणि काही मशीनमध्ये कॅन लाइनच एकापेक्षा जास्त असतात. त्यामुळे त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघूनच मीटर लावा.

- साधारण ६० ओहम: मुख्य लाइन अखंड आहे.
- साधारण १२० ओहम: एका टोकाचा रेझिस्टर गेला, किंवा मधे वायर तुटली.
- साधारण ४० ओहम: कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा दुसरं उपकरण तपासा.
- शून्याजवळ: हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या आहेत.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, काही मशीनमध्ये हा रेझिस्टर कंट्रोलरच्या आत असतो. तो कंट्रोलर काढला की १२० दिसणारच, तो दोष नव्हे. दुसरं, ६० आले म्हणजे सगळं ठीक असं नाही. एखाद्या कंट्रोलरची फक्त फांदी तुटली असेल तरी मुख्य लाइन ६०च दाखवते.

पायरी ३: व्होल्ट मोजा

आता किल्ली चालू करा. हाय ते अर्थिंग साधारण २.६ ते २.९ व्होल्ट आणि लो ते अर्थिंग साधारण २.१ ते २.४ यायला हवेत. दोन्हींची बेरीज ५ च्या आसपास येते. एखादी वायर शून्यावर असेल तर ती चॅसीला लागली आहे. बॅटरीइतके व्होल्ट आले तर सप्लायच्या वायरला लागली आहे. दोन्ही वायर अगदी २.५ वर स्थिर असतील तर लाइनवर कोणी बोलतच नाही.

शॉर्ट सापडत नसेल तर कट-ऑफ बंद करून एकेक कंट्रोलरचा कनेक्टर काढा आणि दर वेळी ओहम बघा. ज्याला काढल्यावर शॉर्ट गेला, तो कंट्रोलर किंवा त्याची फांदी दोषी.

पायरी ४: हार्नेस हलवा

मीटर ओहमवर लावून ठेवा आणि मदतनिसाला हार्नेस हळूहळू हलवायला सांगा. आकडा उडाला, तिथेच दोष. केबिनच्या मागची बाजू, बूमच्या बुडाजवळचं वळण, इंजिनजवळची गरम जागा, उंदरांनी कुरतडलेला भाग आणि प्रेशर वॉशरचं पाणी शिरलेले कनेक्टर आधी बघा. पिनेवर हिरवा गंज दिसला तर साफ करा आणि सैल पिन बदला. वायर नुसती पिळून टेप मारू नका, कारण पहिल्याच पावसात एरर परत येईल.

आणि मशीनवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडा, वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. बूमला पॅच मारताना कंट्रोलर उडाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता धंद्याची गोष्ट

ही तपासणी बयाणा देण्याआधी करा. मशीन तासभर लोडवर चालवा, गरम होऊ द्या आणि मग कोडची यादी उघडायला लावा. ८,००० तास चाललेल्या मशीनमध्ये जुना एकही कोड नसेल तर खूश होऊ नका. कोणीतरी नुकतेच पुसले असण्याची शक्यता जास्त आहे. ओहमचा आकडा चुकला तर सौदा मोडायलाच हवा असं नाही. विक्रेत्याला सांगा, "आधी दुरुस्त करून दाखवा, नाहीतर किंमत कमी करा."

आणि मेकॅनिकने कंट्रोलर बदला म्हटलं, तर त्याला तीनच प्रश्न विचारा. ओहम किती आले? व्होल्ट किती आले? लाइनवर कोण बोलत नाही? तीनही उत्तरं मिळाली आणि ती जुळली, तर खुशाल पैसे खर्च करा. उत्तरं नसतील तर तो अंदाज बांधतोय, आणि त्याच्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत.

हे चार आकडे वहीत लिहून ठेवा, आणि मशीन बघायला जाताना वही व मीटर दोन्ही सोबत न्या.