पैशाचे मोल : इयत्ता तिसरीसाठी एक पाठ

लहान मुलापुढे एका हातावर पाच सुटे रुपये व दुसऱ्या हातावर दहा रुपयांची एक नोट धरली, तर ते पुष्कळदा सुटे रुपयेच उचलते. त्याच्या लेखी अधिक नग म्हणजे अधिक मोल. या चुकीला हसू नये. पाठाचा आरंभ तेथूनच करावा.

पूर्वी रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे हा हिशेब मूल वाण्याच्या दुकानीच शिके. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली व रुपयाचे शंभर पैसे झाले. जून २०११ अखेर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. आता खेड्यातील दुकानातही मोबाईलवरून देणे चुकते होते. पैसा हातातून जाताना मुलास दिसत नाही. जे घरी दिसेनासे झाले, ते शाळेने दाखविले पाहिजे.

साहित्य : थोडी खरी नाणी, वीस रुपयांची एक नोट, पुठ्ठ्याची नाणी, रिकामे पुडे व डब्या.

पायरी १. ओळख : मुलांनी नाणी डोळे मिटून चाचपावीत. वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे असते, हे बोटांनाच कळू द्यावे. नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांत किंमत छापलेली असते. त्यांतील मराठी ओळ मुलांनी शोधून काढावी.

पायरी २. दुकान : वर्गात दुकान मांडावे. तेरा रुपयांचा साबण घेऊन वीसची नोट दिली, तर मोड किती? वजाबाकी करविण्याआधी तेरापासून पुढे मोजण्यास सांगावे : एक रुपया, चौदा, आणखी एक, पंधरा, पाचचे नाणे, वीस. मोडीऐवजी हातावर गोळी ठेवली, तर "काका, मला सुटे पैसेच द्या," असे नम्रपणे म्हणण्याचा सरावही येथेच व्हावा.

पायरी ३. श्रम : एका बाईस आठ तास खुरपणी करून ३२० रुपये मिळाले, असे समजावे. तासाचे चाळीस झाले. मग वीस रुपयांची वही म्हणजे अर्ध्या तासाची खुरपणी! कोरी पाने फाडून होड्या करणारे मूल येथे क्षणभर थबकते. हाच या पाठाचा गाभा होय.

सावधगिरी : उदाहरणातील बाई कल्पित असावी. कोणाच्या घरी किती मिळकत आहे, उधारी किती आहे, हे वर्गात विचारू नये. ज्याच्या घरी त्या दिवशी मजुरी मिळालेली नसते, ते मूल असा प्रश्न जन्मभर विसरत नाही. खाऊचे पैसे न आणणाऱ्या मुलास दुकानदार करावे. सर्वांचा हिशेब त्याच्या हाती राहील.

पडताळा : आठवड्यानंतर मुलांनी आठवडे बाजारातील तीन वस्तूंचे भाव विचारून यावे व पन्नास रुपयांत काय घ्यावे, काय सोडावे, हे कारणासह सांगावे. काय सोडले, हे ज्यास सांगता आले, त्यास पैशाचे मोल कळू लागले असे समजावे.